वाटेतले बाळंतपण

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या शिकाऊ उमेदवाराने आधी ओळखायला शिकायचे ते हे, की बाळ वाटेत होणार की रुग्णालयात. पहिलटकरणीच्या कळा पाच-सात मिनिटांच्या अंतराने येत असतील, तर बहुधा वेळ मिळतो. कळा दोन-तीन मिनिटांवर आल्या, बाई आपणहून जोर करू लागली, शौचाला लागल्याचे सांगू लागली आणि कळेसरशी बाळाचे डोके दिसू लागले, तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून तिथेच बाळंतपण करणे अधिक सुरक्षित.

डोके बाहेर येताना तळहाताचा हलका आधार द्यायचा. मानेभोवती नाळेचा सैल वेढा असेल तर तो डोक्यावरून काढायचा. बाळाला ओढायचे नाही. पायाळू असेल तर अजिबात नाही. बाळ पुसून कोरडे करायचे आणि आईच्या उघड्या अंगावर ठेवून वरून झाकायचे. ते रडत असेल तर नाळ कापायची घाई नको, एक ते तीन मिनिटे थांबावे. पाठ चोळूनही श्वास सुरू झाला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आतच बॅग-मास्कने श्वास द्यायला घ्यायचे.

बाळ रडले की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते, आणि आईला खरा धोका तिथूनच सुरू होतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे भारतातील मातामृत्यूंचे प्रमुख कारण आहे. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर तो धोक्याचा मानतात. पण रक्त चादरीत मुरते आणि अंदाज नेहमी कमी पडतो. म्हणून नाडी, रक्तदाब आणि भिजलेले कपडे पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. बाळ झाल्याबरोबर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात. वार ओढून काढायची नाही; ती आपोआप पडली की पिशवीत घालून रुग्णालयात द्यायची, म्हणजे तुकडा आत राहिला का ते तपासता येते. वार पडल्यावर गर्भाशय बेंबीच्या आसपास घट्ट लागले पाहिजे. मऊ लागले तर पोटावरून चोळायचे आणि लघवी करायला लावायची, कारण मूत्राशय भरलेले असेल तर गर्भाशय आकसत नाही. तरीही रक्त थांबले नाही, तर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते.

बाळाआधी नाळ बाहेर आली, तर बाईला गुडघे-कोपरांवर, ढुंगण उंच राहील असे ठेवून तातडीने निघायचे. झटके आले तर डाव्या कुशीवर वळवायचे. त्यावरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट. शेवटच्या महिन्यांत अंगावरून रक्त जात असेल तर आतून तपासणी करायचीच नाही.

सर्वांत फसवी अवस्था गर्भनलिकेतल्या गर्भाची. नलिका फुटते, रक्त पोटात साचते, बाहेर मात्र थेंबभरच दिसते. पोट दुखते, घेरी येते, खांदा दुखतो, आणि घरचे पित्त म्हणून सांगतात. म्हणून पोटदुखीच्या प्रत्येक तरुण मुलीला, लग्न झालेले असो वा नसो, नातेवाइकांना दूर करून पाळी चुकली आहे का, हे विचारलेच पाहिजे.