परदेशी निघालात? साखरेचा आजार सांगून जा

करकंबचा आमचा एक मावसभाऊ दुबईला सुतारकामाला गेला. विम्याच्या कागदावर मधुमेहापुढे त्याने 'नाही' लिहिले. कामावरून काढतील ही धास्ती. इथून नेलेले इन्सुलिन संपले तेव्हा कार्ड खिशात असून डॉक्टरकडे जाता येईना. शेवटी एका सोबत्याकरवी तिथलीच बाटली मागवली आणि घरून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीइतकेच टोचून घेतले. तासाभरात घामाने चिंब झाला, हातपाय कापू लागले. शेजारच्याने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले.

चूक साधी होती. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. परदेशात बहुतेक ठिकाणी ते 100 युनिटचे मिळते आणि त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. 100 ची बाटली 40 च्या सिरिंजने भरली की डोस अडीचपट होतो. 20 युनिटवाल्याच्या अंगात 50 जातात! म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव आणि ताकद लिहून घ्यावी; इथल्या कंपनीचे नाव तिथे कोण ओळखणार? इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. खालच्या सामानात ते गोठू शकते आणि गोठलेले वापरता येत नाही.

आता विमा. आम्ही पडलो कारकून, कागद पुरता वाचायची खोड. दुबईच्या 2013 च्या कायद्याने कामगाराच्या आरोग्य विम्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, पगारातून कापायचा नाही. तिथल्या मूलभूत योजनेत पहिल्यांदा नाव लागले की जुन्या आजाराच्या उपचाराला सहा महिने थांबावे लागते. तेवढ्या दिवसांच्या औषधपाण्याची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे, त्यांना आपल्या सरकारचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. पण त्याचा मुख्य भर अपघाती मृत्यू व कायमच्या अपंगत्वावर, 10 लाखांपर्यंत. दर महिन्याचे इन्सुलिन त्यातून मिळेल असे धरून चालू नये.

आणि या आजाराची लाज कसली? बाबासाहेबांना मधुमेह होताच. 1948 साली डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेब त्यांच्या आयुष्यात आल्या, त्यांनी औषध आणि पथ्य सांभाळले. नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हाही माईसाहेब सोबत होत्या.

मावसभाऊ सुट्टीवर आला होता. नव्या मालकाचा फॉर्म त्याने आमच्या ओट्यावर बसून भरला. त्या रकान्यापाशी थोडा थांबला, आमच्याकडे पाहिले आणि 'होय' लिहिले. वहिनींनी नारिंगी टोपणाच्या सिरिंजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच पिशवीत बांधून दिली. लाल टोपणाच्या घरीच ठेवून घेतल्या.