मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच!

अलिबाग, कर्जत, लोणावळा किंवा गोव्यातल्या बंगल्यांच्या जाहिरातींत हल्ली ‘सॉल्ट वॉटर पूल’ हे शब्द ठळक छापलेले दिसतात. ‘केमिकल नाही, देखभाल नाही’ अशी ओळही बहुधा जोडीला असते. पहिल्यांदाच घरी पूल बांधणारी मंडळी त्यावर विश्वास ठेवतात आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी हिरवं झालं की चक्रावून जातात. ही सिस्टिम चांगली आहे, पण ती नेमकं काय करते हे पूल विकताना क्वचितच सांगितलं जातं.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतं. पंपाच्या खोलीत, फिल्टरच्या पुढच्या पाइपवर एक नळकांडं बसवलेलं असतं. आत टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप. हा सेल. पाणी वाहत असताना पट्ट्यांमधून डीसी वीज जाते, मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतं आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनतं. डब्यातली पावडर टाकल्यावर पाण्यात जंतू मारतं तेही हेच. थोडक्यात, क्लोरीनचा छोटा कारखाना तुमच्या पंपघरात आलेला असतो, इतकंच.

मग डोळे का चुरचुरत नाहीत, वास का येत नाही? पूलचा तो ओळखीचा उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतोच. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. सेल थोडं थोडं क्लोरीन सतत सोडत राहतो, म्हणून क्लोरामाइन साचायला कमी वाव मिळतो. साधा पूलही नीट सांभाळला तर त्याला वास येत नाही. पोहण्याआधी अंघोळ करायला सांगतात ती याचसाठी, आणि घरच्या पूललाही तो नियम लागू आहे.

‘मिठाचं’ म्हटल्यावर अनेकांना समुद्र आठवतो. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३५,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३५,००० भाग, असतं. घरच्या पूलला बहुतेक यंत्रं ३,००० ते ३,५०० पीपीएम मागतात. आपले अश्रूसुद्धा याहून खारट असतात. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल धरा. त्यात ४८,००० लिटर पाणी मावतं. ३,२०० पीपीएमसाठी त्याला सुमारे १५० किलो मीठ लागेल, म्हणजे ५० किलोची तीन पोती. ही तिन्ही एकदम ओतू नयेत. बोअरच्या पाण्यात आधीच थोडे क्षार असतात, आणि जास्त झालेलं मीठ काढायचं तर पाणीच उपसावं लागतं. आधी अडीच पोती टाका, पंप २४ तास चालू आणि सेल बंद ठेवा, मग मोजा. मीठ आयोडीन नसलेलं, शुद्ध आणि गुठळ्या रोखणारं रसायन न घातलेलं हवं. किराणा दुकानातलं टेबल सॉल्ट इथे चालत नाही.

‘दर महिन्याला मीठ टाकावं लागतं’ हेही खरं नाही. क्लोरीन आपलं काम करून पुन्हा क्लोराइड होतं, त्यामुळे मीठ खर्ची पडत नाही. मे महिन्यात पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. अशा वेळी नुसतं पाणी भरायचं. मीठ जातं ते फिल्टरच्या बॅकवॉशमधून, गळतीतून आणि आपल्याकडे मुख्यतः पावसात. वरच्याच पूलवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३,२०० लिटर पाणी येतं आणि तेवढंच ओव्हरफ्लोतून जातं. कोकणात हंगामात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे पूलमधल्या पाण्याच्या दुप्पट! मीठ तर जातंच, उन्हापासून क्लोरीन राखणारं स्टॅबिलायझरही त्यासोबत वाहून जातं. मीठ कमी झालं की यंत्र इशारा देतं आणि शेवटी बंद पडतं. माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये पोत्यामागून पोती ओतण्यात अर्थ नाही. ते दोन महिने द्रव हायपोक्लोराइटवर, म्हणजे तयार द्रव क्लोरीनवर, काढावेत आणि पाऊस ओसरल्यावर मीठ पूर्ववत करावं.

बंद घराचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘यंत्र आपोआप चालतं’ या भरवशावर मालक शनिवार-रविवारीच येतात. सेलला वीजही लागते आणि वाहतं पाणीही. लाइट गेली किंवा बिल वाचवायला केअरटेकरने पंप बंद ठेवला, की क्लोरीनचा कारखाना बंद. स्टॅबिलायझर नसेल तर कडक उन्हात पाण्यातलं बरंचसं क्लोरीन दोन-तीन तासांत संपतं. चार दिवसांत शेवाळं धरतं. आणि एकदा पाणी हिरवं झालं की सेलचा आकडा १०० टक्क्यांवर नेऊन उपयोग नाही, कारण तो हळूहळूच क्लोरीन बनवतो. भिंती घासा, हायपोक्लोराइटचा मोठा डोस द्या, फिल्टर अखंड चालवा. घाईत ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंगसारखी कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकाच डब्यात मात्र कधीही मिसळू नका; त्यातून विषारी वायू निघतो, स्फोटही होऊ शकतो.

केमिकल अजिबात लागत नाही, हा समज ॲसिडचा पहिला कॅन आणावा लागतो तेव्हा गळून पडतो. बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढत राहतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. दख्खनच्या पठारावर अनेक बोअरचं पाणी कठीण असतं. पीएच चढलेला असला की या पाण्यातल्या कॅल्शियमचा पांढरा थर सेलच्या पट्ट्यांवर धरतो. सेल काढून उजेडात धरला की हा थर लगेच दिसतो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, नाहीच निघाला तर सौम्य ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवा. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. दर महिन्याला ॲसिडने धुणं हा अतिउत्साह झाला; त्याने पट्ट्यांवरचा महागडा लेपच जातो.

लोखंडी रेलिंग आणि मऊ, सच्छिद्र दगडाची कड यांना खारट पाण्याचे शिंतोडे मानवत नाहीत. कड साध्या पाण्याने धूत जा. बॅकवॉशचं पाणी झाडांना किंवा विहिरीकडे सोडू नका.

आठवड्यातून दोनदा क्लोरीन आणि पीएच, महिन्यातून एकदा मीठ आणि स्टॅबिलायझर एवढं मोजलं तर नवख्या माणसालाही पूल जमतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनुसार स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात क्लोरीन किमान २ पीपीएम हवं. आपल्या उन्हात ३-४ ठेवलेलं बरं. यंत्राच्या पॅनलवरच्या मिठाच्या आकड्यावर विसंबू नका, पट्ट्यांवर थर असला की तो चुकतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या.

सेल कायमचा नसतो. काही वर्षांनी तो बदलावाच लागतो, आणि सिस्टिममधला सर्वांत महाग सुटा भाग तोच. म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: सेलची वॉरंटी किती तासांची, नवा सेल केवढ्याला, आणि तो तुमच्या भागात मिळतो का.