दीडशे मर्सिडीज, शंभर ऑक्टाविया

ऑक्टोबर 2010 मध्ये आमच्या औरंगाबादकरांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. गावाचं नाव बदललं, पण बाहेरचा माणूस अजून तीच गोष्ट काढतो आणि गालातल्या गालात हसतो.

त्याआधीचं चटकन उरकतो. 1995 मध्ये मर्सिडीजने टेल्कोच्या साथीने पुण्यात ई-क्लास बनवायला घेतली, ती नेमकी युरोपात निवृत्तीला आलेली. नाव मोठं असलं की जुना मालही खपेल, हा हिशेब. गिऱ्हाइकाने तो ओळखला. पुढची बरीच वर्षं नटांच्या गाड्यांचे फोटो बघण्यात गेली.

आमच्या दीडशे गाड्या साधारण 65 कोटींच्या. स्टेट बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी. ट्रॅक्टरला मात्र शेतकऱ्याने याहून कितीतरी जास्त व्याज का भरायचं, हा पत्रकार पी. साईनाथ यांचा सवाल रास्त होता, आजही आहे. पण पुण्या-मुंबईचे जे विद्वान ‘मराठवाड्याला हे शोभतं का’ म्हणून नाक मुरडत होते, त्यांची कीव येते. त्यांच्या हे लक्षातच आलं नाही की इथल्या लोकांनी चांदणीवाल्या गाडीचा सौदा मोंढ्यात करावा तसा घाऊक केला. हौस होती, मिरवायचं होतं, आपलं गाव नकाशावर दिसावं ही ईर्षाही होती. तरी व्याजाचा दर ठरवून घेतल्याशिवाय कुणी सही केली नाही.

पुढचं दशक मी जवळून पाहिलं. गावाजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा आणि ऑडी एकाच आवारात जुळत. 2013 ची ऑक्टाविया 13.95 लाखांपासून, 2014 ची ऑडी ए-3 सेडान 22.95 लाखांपासून. दोघींचा सांगाडा एकाच घराण्यातला, इंजिनंही सख्खी. ऑडी आतून जास्त देखणी, हे कबूल. पण मधल्या नऊ लाखांतला मोठा वाटा नाकावरच्या चार कड्यांचा होता. शोरूममधला पोरगा हे कधी बोलायचा नाही. तो आधी दार लावून दाखवायचा. ‘ऐका सर,’ म्हणायचा. धप्प. भरीव, दबका आवाज. कंपन्या हा आवाज मुद्दाम घडवतात. तो कानात बसला की मगच किमतीचा कागद पुढे यायचा, आणि एरवी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडणारा गृहस्थ विमा, ॲक्सेसरीज सगळ्याला मान डोलवायचा.

सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट जवळपास 50 टक्क्यांवरून 40 वर आला. ‘लाखोंची बचत’ असे फलक लागले. बचत म्हणे! डिलिव्हरीला लाल कापड, केक, हातभर लांबीची खोटी किल्ली आणि रीलसाठी दोनदा फोडलेला नारळ. भाव करायची पद्धत मात्र गेली. हप्ता किती, एवढंच विचारतात.

आणि ऑक्टाविया? शेंद्र्यातली 2023 मध्ये बंद झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये तिचा जोरकस आरएस अवतार परदेशात तयार होऊन आला. फक्त शंभर गाड्या, किंमत 49.99 लाख. कंपनीने हा आकडा सांगितला तेव्हा शंभरच्या शंभर आधीच बुक झाल्या होत्या.