कळंब्याचे पंधरा बाइट

समजा, कळंब्यातल्या एखाद्या घरी कुणीतरी संगणकावर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवलाय. त्यात करवीर तालुक्यातल्या गावांची यादी भरलीय आणि आता त्या यादीतलं एक नाव मागवलंय. एंटर दाबताक्षणी पडद्यावर उत्तर उमटतं: कळंबा. पण त्या क्षणभरात दोन प्रोग्रॅममध्ये एक अख्खं संभाषण होऊन गेलेलं असतं. मागणारा तो क्लायंट, देणारा तो सर्व्हर. दोघं बोलतात ते फक्त आकड्यांत, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. आपलं नाव घेऊन येणारा निरोप हा असा दिसतो:

६८, ०, ०, ०, २५, ०, १, ०, ०, ०, १५, २२४, १६४, १४९, २२४, १६४, १७९, २२४, १६४, १३०, २२४, १६४, १७२, २२४, १६४, १९०

सव्वीस आकडे. यातला एकही उगाच आलेला नाही!

पहिला ६८ म्हणजे रोमन लिपीतलं डी हे अक्षर. ‘पुढे माहितीची एक ओळ येतेय’ अशी वर्दी. मग चार बाइटांत २५, ही निरोपाची लांबी. पण लांबी आधी कशाला सांगायची? कारण नेटवर्क निरोप पोचवत नाही, ते नुसते बाइट वाहून नेतं. कळंबा तलावातून सुटलेल्या पाण्याकडे बघून ही घागर इथं संपली आणि ती तिथं सुरू झाली असं कुणाला दाखवता येईल का? बाइटांचंही तसंच. एक निरोप दोन तुकड्यांत येईल, किंवा चार निरोप एकत्र येऊन थडकतील. म्हणून बोलण्याआधी सांगायचं, की मी इतकं बोलणार आहे. ऐकणारा तेवढं मोजून घेतो, आणि त्यानंतरचा बाइट म्हणजे नवा निरोप.

आता जरा मोजून बघा. हा २५ स्वतःचे चार बाइट धरतो, पण आधीचं डी हे अक्षर धरत नाही. पुढचा ‘०, १’ म्हणजे ओळीत रकाना एकच. त्यानंतरचा १५ ही त्या रकान्याची लांबी, आणि हा १५ मात्र स्वतःचे चार बाइट मुळीच धरत नाही! एकाच निरोपात मोजमापाच्या दोन तऱ्हा. क्लायंट लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ध्यानात ठेवावीच लागते. चार बाइटांची चूक झाली, की पुढचा प्रत्येक निरोप भलत्याच जागी कापला जातो.

आणि पंधरा कशाचे? कळंबा या शब्दात संगणकाच्या लेखी पाच चिन्हं आहेत: क, ळ, अनुस्वार, ब आणि काना. प्रत्येकाला तीन बाइट. वरच्या आकड्यांत २२४, १६४ ही जोडी पाच वेळा येते, ती आपल्या लिपीची खूण. तिसरा आकडा सांगतो नेमकं चिन्ह कोणतं: १७९ म्हणजे ळ.

एके काळी यासाठी पाचच बाइट पुरायचे. १९९१ साली भारतीय मानक झालेल्या इस्की या संकेतप्रणालीत एका चिन्हाला एकच बाइट होता. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं तिच्यावर आधारलेली साधनं देशभर पोचवली. जगातल्या सगळ्या लिपींसाठी युनिकोड आलं, तेव्हा त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली गेली. मग १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या प्रोग्रॅमरांनी ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. तिची खुबी बघा. देवनागरीचा कोणताही बाइट १२८ च्या खाली येत नाही, म्हणजे तो रोमन अक्षराशी किंवा शून्याशी कधीच गल्लत करत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रश्नाचा मजकूर शून्य बाइटनं संपतो. ळ च्या पोटात चुकून एखादा शून्य असता, तर आपला प्रश्न अर्ध्यातच तुटला असता. ज्यांना ळ कसा उच्चारतात हेही ठाऊक नसेल, त्यांच्या प्रोग्रॅममधून आपलं गाव धक्काही न लागता पार होतं!

मला स्वतःला मात्र या सगळ्या बोलीत सर्वांत देखणं वाटतं ते ‘काहीच नाही’ सांगणं. गावांच्या यादीत ‘जुनं नाव’ असा रकाना आहे असं धरा. एका गावाला जुनं नावच नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तो कोरा. दुसऱ्या गावाबद्दल कुणी चौकशीच केलेली नाही. कागदावर दोन्ही जागा रिकाम्याच दिसतील. तारेवर त्या वेगळ्या कशा करायच्या? कोऱ्या रकान्याची लांबी ०, हे सरळ आहे. आणि न भरलेल्याची? उणे एक! मजकूर उणे एक बाइट लांब कधी असूच शकत नाही, म्हणून ती अशक्य लांबीच अज्ञाताची खूण झाली. तारेवर ती जाते २५५, २५५, २५५, २५५ अशी, आणि तिच्यामागे एकही बाइट येत नाही. शून्य आणि अभाव यांतला फरक चार बाइटांत मावला.

मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय डेटाबेसनं वेगळी वाट धरली. तिथं आधी सर्व्हर बोलतो. लांबीला तीनच बाइट, तेही उलट क्रमानं: पंधरा लिहायचे तर १५, ०, ०. तीन बाइटांत जास्तीत जास्त १,६७,७७,२१५ मावतात. एखादा तुकडा बरोबर तेवढाच भरला तर? तर ‘अजून आहे’ असा त्याचा अर्थ होतो. नसेल, तर शून्य लांबीचा आणखी एक तुकडा पाठवायचा, नुसतं ‘संपलं’ एवढं सांगायला.

आता पोस्टग्रेसच्या पहिल्या हाकेकडे वळू. इतर प्रत्येक निरोपाला सुरुवातीचं अक्षर असतं, पण अगदी पहिल्याला नाही. ही जुन्या काळापासून चालत आलेली रीत. त्यात लांबीनंतर बोलीची आवृत्ती येते: ०, ३, ०, ० म्हणजे ३.०. मग कूटबद्ध, म्हणजे तिऱ्हाइताला न वाचता येणारं बोलणं हवं असेल, तर ते विचारायचं कुठं? त्यासाठी अक्षरच नाही. म्हणून क्लायंट आवृत्तीच्या जागी ४, २१०, २२, ४७ पाठवतो. सुटं करून वाचा: १२३४ आणि ५६७९. कधीच न येणाऱ्या आवृत्तीच्या वेशातला हा प्रश्न! सर्व्हरचं उत्तर एका बाइटचं: एस म्हणजे चालेल, एन म्हणजे नाही.

या एका बाइटच्या आसपास २०२१ मध्ये एक भोक सापडलं. मधे बसलेला चोर या प्रश्नाला लागूनच आपले साधे बाइट घुसडू शकत होता. सर्व्हर ते आधीच वाचून ठेवायचा आणि कूटबद्ध बोलणं सुरू झाल्यावर विश्वासू माणसाचे समजून पाळायचा. पाणी सलग वाहतं, त्याचा हा परिणाम. तेव्हापासून असे आगाऊ बाइट दिसले की जोडणीच नाकारली जाते.

आणि चालू असलेला प्रश्न मधेच थांबवायचा असेल तर? सर्व्हर कामात गढलेला असताना त्या जोडणीवर तो काही ऐकतच नाही. मग क्लायंट चक्क दुसरी जोडणी उघडतो आणि सोळा बाइट पाठवतो: लांबी, १२३४ आणि ५६७८ ची खूण, पहिली जोडणी सांभाळणाऱ्या सर्व्हर-प्रक्रियेचा क्रमांक, आणि सुरुवातीला सर्व्हरनंच दिलेली गुप्त किल्ली. सर्व्हर यावर चकार शब्द बोलत नाही, जोडणी बंद करतो. विनंती लागू पडली की नाही, हे कळतं पहिल्या जोडणीवर. तिथं चूक म्हणून काम थांबलं तर लागू पडली. मधल्या काळात काम पुरं झालेलं असेल, तर विनंती नुसतीच विरून जाते. कितीतरी वर्षं मूळ बोलणं कूटबद्ध असलं तरी पोस्टग्रेसचा स्वतःचा क्लायंट ही किल्ली उघड्यावरूनच पाठवायचा. तिला झाकून नेण्याची सोय २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत आली.

किल्ली चारच बाइटची होती. ती मोठी करायची, तर बोलीच बदलायला हवी, आणि ३.० ही बोली २००३ पासून जशीच्या तशी चालत आलेली. २०२५ मध्ये पोस्टग्रेस १८ बरोबर नवी आवृत्ती आली, ती ३.१ नव्हे, एकदम ३.२! क्लायंट आणि सर्व्हर यांच्या मधे उभा राहणारा पीजीबाउन्सर नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. त्याच्या जुन्या प्रती एका दोषामुळे ‘मला ३.१ येते’ असं खोटंच सांगायच्या. अस्तित्वातच नसलेली बोली आपल्याला येते, असं एका प्रोग्रॅमनं म्हटलं, म्हणून तो क्रमांकच कायमचा सोडून दिला गेला. ३.२ मध्ये किल्ली २५६ बाइटांपर्यंत लांब असू शकते. तरीही पोस्टग्रेस १८ चा क्लायंट आपणहून ३.० च मागतो. वाटेत कुठं कोणता जुना मध्यस्थ उभा असेल याचा भरवसा नाही, म्हणून नवी बोली हवी असणाऱ्यानं तसं मुद्दाम सांगायचं.