भाकीत चित्रपटाचे नव्हे, मतदारयादीचे!

दरवर्षी जानेवारी उजाडला की अमेरिकेत ऑस्कर पारितोषिकाची नामांकने जाहीर होतात. त्यातील सर्वोच्च मान 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या नामांकनाचा. परंतु गंमत अशी की, ही यादी जाहीर होण्याच्या चार-चार महिने आधीच तेथील वृत्तपत्रांत संभाव्य चित्रपटांच्या याद्या छापून येतात आणि अंतिम यादीतील बहुतेक नावे त्यात असतात. काही नावे चुकतात, पण बरीच बरोबर येतात. यातले अनेक चित्रपट तोवर सामान्य प्रेक्षकाने पाहिलेलेही नसतात.

मग प्रश्न असा आहे की, हे भाकीत करणाऱ्यांना कोणती दिव्यदृष्टी असते? कला जर केवळ गुणवत्तेवर तोलली जात असेल, तर तोलण्याआधीच वजन कसे कळते? उत्तर सोपे आहे. हे जाणकार चित्रपटाकडे कमी आणि मतदारयादीकडे जास्त पाहतात. मत कोण देणार, ते कोणत्या वयाचे, कोणत्या वर्णाचे, कोणत्या वस्तीत राहणारे, हे ठाऊक असले की निकालाचा अंदाज बांधणे कठीण नसते. आपल्याकडे निवडणुकीआधी कार्यकर्ता वॉर्डाची यादी घेऊन बसतो, तसाच हा प्रकार आहे.

ऑस्कर देणारी अकादमी १९२७ साली स्थापन झाली आणि पहिला समारंभ १९२९ मध्ये झाला. या अकादमीचे सभासदत्व मागून मिळत नाही, त्यासाठी आतल्यांचे निमंत्रण लागते. दिग्दर्शकाचे नामांकन दिग्दर्शक ठरवतात, अभिनयाचे नामांकन नट-नट्या ठरवतात; सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासाठी मात्र सगळ्या शाखांचे सभासद मत देतात. पूर्वी या गटात पाचच नामांकने असत. २०१० च्या समारंभापासून ती दहा झाली, मध्ये काही वर्षे पाच ते दहा अशी सैल ठेवली गेली आणि २०२२ च्या समारंभापासून पुन्हा ठाम दहा झाली.

मतमोजणीची पद्धत आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखी, पसंतीक्रमाची आहे. दहा जागा असतील तर ढोबळमानाने अकराव्या हिश्श्याइतकी मते मिळाली की चित्रपट यादीत बसतो. म्हणजे नामांकनासाठी सर्वांना थोडाथोडा आवडणारा चित्रपट उपयोगाचा नाही. थोड्या लोकांना मनापासून, पहिल्या क्रमांकावर आवडणारा चित्रपट हवा. भाकीत करणारा नेमके हेच शोधतो की, या मतदारांपैकी कोणता गट कोणत्या चित्रपटासाठी पहिल्या पसंतीचे मत देईल?

त्याची साधनेही ठरलेली आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमधील व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरंटो येथील महोत्सवांत कोणता चित्रपट गाजला, हे तो पाहतो. चित्रपट वर्षअखेरीस प्रदर्शित होतो आहे काय, हे पाहतो, कारण मत देताना जानेवारीतला चित्रपट मतदार विसरलेला असतो. जाहिरातींवर कोणती कंपनी किती पैसा ओतते आहे, यावर नजर ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्माते, दिग्दर्शक आणि अभिनेते यांच्या संघटना, ज्यांना तिकडे गिल्ड म्हणतात, त्यांच्या याद्यांची तो वाट पाहतो. कारण गिल्डचे अनेक सभासद अकादमीचेही मतदार असतात. याउलट गोल्डन ग्लोब पारितोषिक अनेक दशके शंभराहूनही कमी परदेशी पत्रकार देत होते आणि त्यातील कोणी ऑस्करला मत देत नव्हते. म्हणून जाणकार ग्लोबपेक्षा गिल्डला जास्त मानतो. त्याच गोल्डन ग्लोबच्या ८७ पत्रकार सभासदांत एकही कृष्णवर्णीय नाही, हे २०२१ साली उघडकीस आले आणि २०२३ मध्ये ती संस्थाच गुंडाळली गेली.

या सगळ्या हिशेबात चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न कुठे आला? तो येतो, पण शेवटी.

आता ऑस्करच्या मतदारयादीकडे पाहू. अकादमी आपल्या सभासदांची नावे उघड करीत नसे. २०१२ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाने शोध घेतला, तेव्हा सुमारे पावणेसहा हजार मतदारांपैकी जवळपास ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. कृष्णवर्णीय सुमारे २ टक्के होते. वयाचा मध्य होता ६२ वर्षे. बासष्ट वर्षांच्या गोऱ्या पुरुषाला काय आवडेल, एवढे ज्याला कळले, त्याचे भाकीत अर्धे झाले! आणि ज्या देशात कृष्णवर्णीय लोकसंख्या १२-१३ टक्के आहे, तेथे त्यांच्या जगण्याची कथा या यादीच्या चाळणीतून खाली पडत राहिली, यात नवल ते काय?

इतिहास याची साक्ष देतो. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली. परंतु ज्या हॉटेलात समारंभ होता, तेथे काळ्यांना प्रवेशच नव्हता. निर्मात्याने शब्द टाकून तिला आत आणले आणि सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले. पारितोषिक दिले, पण पंगत वेगळी! पंगत म्हणजे काय, हे या स्तंभाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे पन्नास वर्षांनी, १९९० मध्ये, स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकनही मिळाले नाही आणि पारितोषिक गेले 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला, ज्यात काळा माणूस गोऱ्या बाईचा प्रेमळ ड्रायव्हर आहे. वस्तीतला संतापलेला काळा तरुण मतदारांना नको होता, सोशिक काळा म्हातारा चालला.

२०१५ आणि २०१६ या लागोपाठच्या दोन वर्षांत तर अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यावरील 'सेल्मा'ला चित्रपटाचे नामांकन मिळाले, पण दिग्दर्शिका अॅव्हा डुव्हर्ने आणि किंग साकारणारे डेव्हिड ओयेलोवो बाहेर राहिले. 'क्रीड' चित्रपटाचा दिग्दर्शक काळा, नायक काळा. नामांकन मिळाले ते सिल्व्हेस्टर स्टॅलोनला. एप्रिल रेन या कृष्णवर्णीय स्त्रीने 'ऑस्कर किती गोरे!' अशा अर्थाचे शब्द समाजमाध्यमावर लिहिले आणि त्यातून जगभर आवाज उठला.

तेव्हा अकादमीच्या अध्यक्षपदी शेरिल बून आयझॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री होती. जानेवारी २०१६ मध्ये अकादमीने ठराव केला की, २०२० पर्यंत स्त्रिया आणि गोऱ्येतर सभासदांची संख्या दुप्पट करायची. अनेक वर्षे चित्रपटसृष्टीत काम न केलेल्यांचा मताधिकार तपासला जाईल, असेही ठरले. लगेच ओरड सुरू झाली. जुने सभासद दुखावले. 'गुणवत्तेचे काय?' हा प्रश्न विचारला गेला. हा प्रश्न आपण कुठे ऐकला आहे, हे सांगायला नको. दार बंद असते तोवर गुणवत्तेची आठवण कोणालाच होत नाही. दार उघडू लागले की ती सर्वांना होते!

परंतु काय घडले, ते पाहावे. त्याच वर्षी ६८३ नव्या लोकांना निमंत्रण गेले. २०१६ च्या आठ नामांकित चित्रपटांत गोऱ्येतर माणसाच्या जगण्यावरचा एकही नव्हता. २०१७ च्या नऊपैकी 'मूनलाइट', 'हिडन फिगर्स' आणि 'फेन्सेस' हे तीन कृष्णवर्णीयांच्या जगण्याचे होते आणि त्यातील 'मूनलाइट' सर्वोत्कृष्ट ठरला. २०१८ मध्ये 'गेट आऊट' यादीत आला. तो भयपट आणि तोही फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला, म्हणजे जाणकारांच्या दोन नियमांना एकदम धक्का. १९३९ मध्ये इंग्रजीशिवाय अन्य भाषेतील चित्रपटाला या गटात प्रथम नामांकन मिळाले. त्यानंतरच्या ७५ वर्षांत असे चित्रपट बोटांवर मोजावेत इतके. २०१९ ते २०२५ या काळात मात्र असा किमान एक चित्रपट दरवर्षी यादीत आहे आणि २०२० मध्ये कोरियन भाषेतील 'पॅरासाइट'ने सर्वोच्च पारितोषिक घेतले. नामांकनाच्या जागा वाढल्या, नव्या कंपन्यांनी परभाषिक चित्रपटांवर पैसा लावला, हीही कारणे आहेतच. परंतु मतदारच बदलले नसते, तर जागा वाढूनही त्यावर बसणारे तेच राहिले असते.

अर्थात फार हुरळून जाण्याचे कारण नाही. २०२० मध्ये उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे अकादमीने जाहीर केले, तेव्हाही सभासदांत स्त्रिया ३३ टक्के आणि गोऱ्येतर १९ टक्केच होते. २०२५ पर्यंतच्या ९७ समारंभांत एकाही कृष्णवर्णीयाला दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळालेले नाही. आणि गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंतिम फेरीत मत देण्यापूर्वी त्या गटातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असा सरसकट नियम अकादमीने केला तो एप्रिल २०२५ मध्ये. तोवर बहुतेक गटांत न पाहताही मत देता येत होते!

भारतातून एक चित्रपट परभाषिक गटासाठी पाठवला जातो. तो कोण निवडते? फिल्म फेडरेशनची निवड समिती. २०२४ च्या १३ जणांच्या समितीत एकही स्त्री नव्हती. कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला पायल कपाडिया यांचा मुंबईतील कष्टकरी बायांवरचा चित्रपट तिने पाठवला नाही. २०१५ मध्ये मात्र चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' गेला होता. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे आपल्या चळवळीचे वीरा साथीदार यांनी उभा केला. तो चित्रपट नामांकनापर्यंत पोचला नाही. २०२२ मध्ये 'खबर लहरिया' चालवणाऱ्या दलित स्त्री पत्रकारांवरील माहितीपटाला नामांकन मिळाले, परंतु चित्रपटात आपले पूर्ण चित्र उमटले नाही, असे त्या पत्रकारांनीच सांगितले. म्हणजे पडद्यावर दिसणे ही पहिली पायरी. कॅमेरा कोणाच्या हाती आणि मत कोणाच्या हाती, हा पुढचा प्रश्न उरतोच.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता की, आपल्यावतीने दुसरा बोलेल, हे प्रतिनिधित्व नव्हे. मताधिकारही हवा आणि निर्णयाच्या जागी आपला माणूसही हवा. तो मुद्दा कायदेमंडळाला लागू होता, तसा पारितोषिकाच्या समितीलाही लागू होतो.

म्हणून पुढच्या जानेवारीत ऑस्करची यादी वाचताना, किंवा आपल्या राज्यातील एखाद्या पुरस्काराची वाचताना, आधी परीक्षकांची नावे वाचावीत आणि मग आपणच दहा नावे कागदावर लिहून पाहावीत. बहुतेक जुळली, तर समजावे की यादी अजून जुन्याच हातांत आहे. चुकू लागली, तर समजावे की कोणीतरी नवे लोक आत गेले आहेत.