मोटारीचा मोडलेला दांडा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो संपावर नाही तर बोनसवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज मोटारीच्या एका पोलादी दांड्याविषयी बोलणार आहे. तो का मोडतो, मोडल्यावर त्या जागी दुसरा कसा बसवावा, आणि मोडल्याचा भुर्दंड कोणी भरावा, एवढाच माझा विषय. मी इंजिनियर नव्हे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, लेथवर हात बसला, आणि जे काही वाचले ते ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तके आणून वाचले. तेव्हा कोठे चुकलो तर सभेतल्या जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

घोडबंदर रोड आपणां सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. अंगवळणी म्हणण्यापेक्षा पाठीच्या मणक्यांत बसलेला आहे म्हणावे. माजिवड्याहून निघून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करीत तो गायमुखच्या घाटातून अहमदाबादच्या महामार्गाला मिळतो. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, आणि मधून न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या संघटनेचा एक सभासद कल्याणहून बोरिवलीकडे गाडी घेऊन चालला होता. गाडी मालकाची, हा पगारी ड्रायव्हर. गायमुखच्या उतारावर पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले, खालून ‘खाड्’ असा आवाज आला, आणि पुढच्या वळणावर गाडी एका कुशीवर कलली. त्याने ती सावकाश कडेला घेतली. सकाळी मालकाने सांगितले, “खड्डा तू घेतलास, दांडा तू मोडलास. दोन महिन्यांच्या पगारांतून कापून घेईन.” दुपारी ड्रायव्हर माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, खड्डा चुकवायला गेलो असतो तर कंटेनरखाली गेलो असतो.”

आता हा दांडा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गॅरेजात त्याला जंपिंग रॉड म्हणतात, पुस्तकात स्टॅबिलायझर बार. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. आकार उलट्या-सुलट्या कंसासारखा: मधला लांब भाग गाडीच्या आडवा, दोन्ही टोके वळून चाकांकडे गेलेली. मधला भाग दोन रबरी बुशांत क्लॅम्पने चेसिसला धरलेला असतो. टोके एकेका लिंक रॉडने चाकाच्या आर्मला किंवा शॉकअपला बांधलेली असतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर हा दांडा बुशांत नुसता फिरतो, काही करीत नाही. पण गाडी वळली की अंग बाहेर टाकते. बाहेरची स्प्रिंग दबते, आतली मोकळी होते, दांड्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली जाते. मग मधल्या भागाला पीळ पडतो, आपण ओले धोतर पिळतो तसा. फरक एवढाच की पोलाद पीळ सोडवून घेऊ पाहते, आणि त्या झगड्यात कललेली गाडी सरळ धरून ठेवते.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक दोन्ही चाकांनी सरळ ओलांडला तर दांड्याला त्रास नाही. पण आपल्याकडे एक चाक कडेच्या फटीतून काढून गतिरोधक ‘वाचवण्याची’ सवय आहे. तो वाचवलेला गतिरोधक दांड्याच्या अंगावर जातो.

आमच्या गाडीतला दांडा कंपनीचा नव्हता. मालकाने गाडी जुनी घेतली होती. तिच्या आधीच्या शौकीन धन्याने मूळचा दांडा काढून बाजारातला जाड दांडा बसवलेला होता. जाड म्हणजे मजबूत, असे आपण सारेच धरून चालतो, आणि येथेच फसतो. दांड्याची ताठरता त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरच्या जागी २४ मिलिमीटरचा बसवला तर डोळ्याला फरक बोटभरही दिसत नाही, पण ताठरता दुपटीहून अधिक होते. गाडी वळणावर कमी कलते हे खरे. गुळगुळीत रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला ते हवेच असते. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर एका चाकाचा दणका तो ताठ दांडा दुसऱ्या चाकाला पोहोचवतो, आणि लिंक, क्लॅम्प, बुश यांच्यावरचा भारही वाढवतो. एवढेच नव्हे. चाक खड्ड्यात जितके उतरायचे तितके उतरणारच. तेवढाच पीळ जाड दांड्याला पडला तर त्याच्या पृष्ठभागावरचा ताण बारीक दांड्यापेक्षा जास्त असतो. घरी करून पाहा: बारीक तार बोटाभोवती कितीदा तरी गुंडाळता येते, जाड तार चार-दोन वेळा वाकवली की तुटते. माणसांतही असे ताठ गडी असतात, पण तो विषय आज नको.

तुटते ती एका दणक्याने मात्र नव्हे. १८४२ च्या मे महिन्यात, म्हणजे आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी येण्याच्या अकरा वर्षे आधी, फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. चांगला दणकट आस, नेहमीचाच भार. मोडला का, हे कोणाला उमगेना. पुढे जर्मनीत रेल्वेतल्या आउगुस्ट व्होलर या इंजिनियराने आस पुन्हा पुन्हा वाकवून पाहण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि दाखवले की एका वेळी सहज सोसतो असा भार लक्षावधी वेळा आला की पोलाद थकते. पृष्ठभागावर कोठे तरी ओरखडा असतो, गंजाचा खड्डा असतो, नाही तर वाकवताना पडलेला चिमटा असतो. तेथे केसासारखी चीर सुरू होते. दर पिळाला ती थोडी आत सरकते, आणि उरलेला भाग भार पेलण्यास अपुरा पडला की एका क्षणात सगळे तुटते. शेवटचा खड्डा हा या गोष्टीतला शेवटचा हप्ता असतो.

म्हणून मी ड्रायव्हरला पहिली गोष्ट सांगितली: मोडलेला दांडा भंगारवाल्याला देऊ नकोस, आणि मोडीच्या तोंडाला हात लावू नकोस, पुसू नकोस. आम्ही दोघे गॅरेजात गेलो. दांडा क्लॅम्पशेजारच्या वळणावर तिरकस तुटला होता. मोडीचे तोंड दोन रंगांचे होते. निम्म्याहून अधिक भाग तपकिरी, गुळगुळीत, आणि त्यावर एकाआड एक कमानी रेघा, जशा ओहोटीला खाडीच्या चिखलावर पाण्याच्या रेघा राहतात तशा. बाकीचा भाग चकचकीत, खरबरीत. साऱ्या रेघा एका बिंदूभोवती होत्या, आणि त्या बिंदूशी रंग उडून गंजलेला खळगा होता. चीर एका रात्रीत गंजत नाही. हा दांडा घाटात मोडला असेल, पण मोडू लागला होता कितीतरी आधी.

गॅरेजच्या मिस्त्रीचे म्हणणे वेगळे होते. “दोनशे रुपयांत वेल्डिंग मारून देतो, वर पट्टी लावतो, काही होत नाही.” माणूस वाईट नव्हता, गरीब गिऱ्हाइकाचे पैसे वाचवावेत हाच त्याचा हेतू. पण हे कमानीच्या जातीचे पोलाद असते. त्याला तापवून, पाणी देऊन, पुन्हा बेताने तापवून लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचा भाग कोठे ठिसूळ होतो, कोठे मऊ पडतो, आणि दिलेले पाणी उतरते. जोड टिकेल, शेजार तुटेल. तुटलेले टोक ब्रेकच्या नळीला किंवा टायरला लागले तर काय होईल ते सांगायला नको. काही गाड्यांत तर हा दांडा दुहेरी नोकरी करतो. आपली जुनी मारुती ८०० घ्या: तिच्यात खालचा आर्म पुढेमागे सरकू नये म्हणून धरून ठेवणाराही हाच दांडा. तेथे तो मोडला तर चाकच जागेवरून हलते. अशी गाडी तसूभर चालवू नये, उचलून न्यावी. आमच्या गाडीत त्याचे काम फक्त कलणे रोखण्याचे होते, म्हणून ड्रायव्हर ती हळूहळू गॅरेजपर्यंत आणू शकला. तीही मोडके टोक तारेने बांधून.

मालकाला मी म्हटले, “शेठ, जोड नको आणि तसलाच जाडही नको. कंपनीच्या मापाचा घ्या.” कुरकुरत का होईना, त्याने घेतला. दांड्याबरोबर दोन्ही बुश, दोन्ही लिंक आणि नवे नट घ्यावेत. जुने बुश जाड दांड्याच्या मापाचे होते. त्यांत बारीक दांडा खुळखुळला असता.

बसवण्याचे काम असे. गाडी सपाट जमिनीवर घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. पुढची दोन्ही चाके सारखी उचलायची, आणि गाडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जो शिरतो त्याच्या घरच्यांना मी पुढे भेटायला गेलेलो आहे. यापेक्षा अधिक बोलत नाही. दोन्ही बाजू सारख्या उचलण्याचे कारण आपण मघाशीच पाहिले: एकच बाजू उचलली तर धड दांड्याला पीळ पडलेला असतो, आणि लिंकचा नट सुटताच टोक उसळून हातावर येते. लिंकचा नट गंजलेला असतो. आदल्या रात्री त्यावर तेल सोडून ठेवावे, आणि नटाबरोबर खुंटी फिरू लागली तर तिच्या तोंडात एलन की घालून ती धरावी. मग क्लॅम्पचे बोल्ट काढायचे. दांडा बाहेर येण्यास वाट नसेल तर खालची आडवी चेसिस थोडी उतरवावी लागते. आमच्या गाडीत ती दोन बोटे उतरवावी लागली, म्हणून शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे लागले. एरवी त्याची गरज पडत नाही.

नवा दांडा घालताना तो जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून डावे-उजवे पाहून घ्यावे. बुशची चीर ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवावी. रबर बसत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा ऑइल लावू नये, ते रबर खाते. सगळे नट आधी हाताने चढवायचे, दांडा मधोमध आणायचा, आणि मगच पाना लावायचा. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पडल्यावर करायची. अधांतरी आवळले तर रबर वाकड्या जागी धरले जाते आणि लवकर फाटते. किती आवळावे याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि त्यासाठी टॉर्कचा पाना असतो. मिस्त्रीचा मनगटाचा अंदाज चांगला असतो, पण सकाळचे मनगट आणि रात्री दहाचे मनगट एक नव्हे. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून दांडा कोठे नळीला किंवा टायरला लागत नाही ना, हे बॅटरी लावून पाहायचे. आम्ही तेवढ्यावर न थांबता काही दिवस गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासले. एक पाव फेरी बसला.

राहिला पैशांचा प्रश्न. मालाचे नुकसान म्हणून पगारातून कापायचे तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. ही अट १९३६ च्या पगाराच्या कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मी मालकापुढे कायदा ठेवला नाही, दांडा ठेवला. खिडकीपाशी उजेडात धरून त्या तपकिरी रेघा दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे हा मी गाडी घेतली तेव्हापासूनच...” आणि वाक्य पुरे केले नाही. कापलेला पहिला हप्ता त्याने पुढच्या पगारात परत केला. वेल्डिंग नको म्हटल्याचा राग मात्र मिस्त्रीच्या मनातून अजून गेलेला नाही.

तो तुकडा मी बरोबर आणला आहे. अध्यक्षांच्या मेजावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर पुढे यावे. तोंडाला धार आहे, हात जपून लावा.