इंग्रजी कच्चं, की गोष्ट परकी?

नववीतल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यावरची उत्तरं आली नाहीत, की आपण लगेच म्हणतो, ‘याचं इंग्रजी कच्चं आहे.’ पण न कळण्याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे भाषा अवघड आहे. दुसरं म्हणजे उताऱ्यातलं जगच अनोळखी आहे. ही दोन वेगळी कशी करायची?

पॅट्रिशिया जॉन्सन यांनी १९८१ साली हेच तपासलं. इंग्रजी शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांना त्यांनी दोन गोष्टी वाचायला दिल्या, एक इराणी लोककथा आणि एक अमेरिकी. निम्म्यांना त्या मूळ इंग्रजीत दिल्या, निम्म्यांना सोप्या करून. आता गंमत बघा. वाक्यं सोपी की अवघड, यापेक्षा गोष्ट कुठली आहे याचा आकलनावर जास्त परिणाम झाला!

असं का होतं? वाचताना आपण फक्त शब्द उलगडत नाही, डोक्यात आधीपासून असलेल्या आराखड्यात ते बसवत जातो. या आराखड्याला मानसशास्त्रात ‘स्कीमा’ म्हणतात. तो तयार असेल तर अडलेल्या शब्दाचा अंदाज बांधता येतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. राम देशमुखांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आहे. आटपाडीकडच्या मुलाला ‘ड्रॉट’ हा शब्द माहीत नसेल. पण विहिरी आटल्यात, मेंढरांना चारा नाही, माणसं वाडी सोडून चाललीत, एवढं कळलं की ‘दुष्काळ’ त्याला आपोआप सुचतो. त्याच मुलासमोर बर्फ वितळण्याचं वर्णन ठेवलं आणि ‘थॉ’ शब्द आला, तर शब्दही नवा आणि दृश्यही नवं. दोन्ही ओझी एकदम!

इथे एक सावधगिरी हवी. जॉन्सन यांचे वाचक विद्यापीठातले होते, शाळकरी मुलं नव्हती. शिवाय ओळखीच्या गोष्टीत मुलं इंग्रजी न वाचताच उत्तरं ठोकू शकतात. म्हणून प्रश्न असे हवेत, की उत्तरासाठी मजकुरातच शिरावं लागेल. ‘दुष्काळात काय होतं?’ हे कुणीही सांगेल. ‘आधी कोण गेलं, आणि हे कुठल्या वाक्यावरून कळलं?’ यासाठी वाचावंच लागेल.

वर्गात क्रम साधा ठेवता येतो. आधी प्रसंगावर मराठीत मोकळी चर्चा. मग इंग्रजीतला एकच परिच्छेद. मग असे प्रश्न, आणि शेवटी मुलांची स्वतःची दोन-तीन इंग्रजी वाक्यं. मराठीत बोलणं म्हणजे इंग्रजीचा तास वाया घालवणं नाही, आराखडा जागा करणं आहे.

स्थानिक साहित्य दिल्याने इंग्रजी आपोआप सुधारेल, असा दावा मी करत नाही. नवे शब्द, नवी वाक्यरचना शिकवावी लागेलच, आणि परकी जगंही हळूहळू दाखवावी लागतील. पण अनोळखी उताऱ्यावरून मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी एकदा ओळखीचा उतारा देऊन बघा. तिथे तो अडला नाही, तर अडचण निदान पूर्णपणे इंग्रजीची नव्हती.